परसातले पाणी आणि ग्वाल्हेरचा हिवाळा

गेल्या पौषात आमच्या कचेरीत वाटणीपत्राचा एक मसुदा आला. लष्करातील नई सडकेच्या मागच्या बाजूस असलेला एक जुना मराठी वाडा तीन शाखांमध्ये विभागावयाचा होता. पुढील दुकाने एकीला, मधला चौक व माडी दुसरीला आणि मागचे परस तिसरीला, अशी साधारण बोलणी झालेली होती. परसात दगडी बांधणीची एक विहीर आहे व तिला लागून धुण्या-नाहण्याचा दगडी हौद आहे. ज्या शाखेला परस मिळावयाचे, तिच्यातील तरुण अशिलाच्या मनात असे होते की, विहीर बुजवावी, हौद काढून टाकावा आणि त्या जागी पोहण्याचा एक सुबक तलाव बांधावा. त्याने आम्हांला दोन प्रश्न विचारले. पहिला हा की, ह्याला कायद्याची काही आडकाठी आहे काय? दुसरा त्याने उठता उठता, जवळजवळ थट्टेनेच विचारला : “आणि काका, हिवाळ्यात त्यात उतरता येईल ना?”

पहिल्या प्रश्नाचे उत्तर देणे हा आमचा धंदाच आहे. दुसऱ्या प्रश्नावर आम्ही त्या वेळी हसलो. परंतु अशील गेल्यावर तोच प्रश्न मनात घर करून राहिला. कारण तो प्रश्न मुळीच नवा नाही. दक्षिणेतून व कोकणपट्टीतून जी मराठी माणसे दोनअडीचशे वर्षांपूर्वी ह्या उत्तरेच्या थंडीत येऊन राहिली, त्यांना पहिल्याच हिवाळ्यात तो पडला असला पाहिजे. त्यांनी त्याचे जे उत्तर शोधले ते आमच्या अशिलाच्या परसातच उभे होते, आणि तेच बुजविण्याचा मसुदा आमच्या मेजावर पडला होता.

ज्या वाचकांचे सारे आयुष्य समुद्राच्या शेजारी गेले, त्यांना ह्या थंडीची कल्पना थोडी करून दिली पाहिजे. पणजीस जानेवारीच्या पहाटे पारा साधारण २० अंशांवर येऊन थांबतो. तेथे विहिरीचे पाणी आणि अंगणातली हवा ह्यांत फार अंतर पडत नाही. न्हाणीत भाणाखाली जाळ घालतात तो पुष्कळसा सुखासाठी, आणि दिवाळीच्या पहाटे विधीसाठी. बांयवर उभे राहून घागरभर पाणी अंगावर ओतून घेणारा मनुष्य तेथे बाराही महिने आढळेल. ग्वाल्हेरची गोष्ट निराळी. येथे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो व जानेवारीच्या पहाटे तो ५ अंशांच्याही खाली उतरतो. आकाश निरभ्र असते, वायव्येचा कोरडा वारा सुटलेला असतो, आणि कित्येक दिवस धुके दुपारपर्यंत हलत नाही. उघड्या बादलीत रात्रभर राहिलेले पाणी सकाळी हाताला चावते.

ह्या थंडीशी मराठ्यांची ओळख फार कठोर प्रसंगी झाली. १७६१ च्या जानेवारीची १४ तारीख, पौष शुद्ध अष्टमी, हा दिवस मराठी मनुष्य विसरू शकत नाही. पानिपतावर अन्नाचा तुटवडा जसा होता, तशीच अंगावर पुरेशा कपड्यांवाचून काढलेल्या रात्रींची दैनाही होती. त्या रणातून पायाला जबर जखम झालेल्या महादजी शिंद्यांना ज्याने वाचवून दक्षिणेत आणले तो राणेखान हा एक भिस्ती होता, म्हणजे पखालीने पाणी वाहणारा. महादजींनी पुढे त्याला भाऊ मानले व मोठ्या पदास चढविले. ग्वाल्हेरच्या राजघराण्याचा वंश ज्या उपकारावर तरला तो एका पाणक्याचा उपकार होता, ही गोष्ट ह्या शहराच्या पाण्याचा इतिहास सांगताना आम्हांला नेहमी आठवते.

महादजींच्या व दौलतरावांच्या दरबारात कोकणची आणि गोव्याची मंडळी किती होती, हे ह्या मासिकाच्या वाचकांस ठाऊक असेलच. पेडणे महालातील केरीचे जिवबादादा बक्षी, लखबादादा लाड, बाळोबातात्या पागनीस ही शेणवी मुत्सद्द्यांची व सेनापतींची नावे शिंदेशाहीच्या इतिहासात पानोपानी येतात. १७९५ च्या खर्ड्याच्या लढाईत शिंद्यांच्या फौजेची धुरा जिवबादादांकडे होती. मंगेशीच्या तळीचे पाणी ज्यांच्या ओळखीचे, अशी घराणी चंबळेपर्यंत जाऊन पोचली. त्यांच्या मागून कारकून आले, भिक्षुक आले, वैद्य आले, स्वयंपाकी आले. १८१० च्या सुमारास दौलतरावांनी ग्वाल्हेरच्या किल्ल्याच्या दक्षिणेस छावणी दिली. तळ हलविण्याचे कारण पुढे पडले नाही, आणि छावणीचेच शहर झाले. म्हणून त्याचे नाव लष्कर. दौलतगंज, जनकगंज, शिंदे की छावनी, महाडिक की गोठ, चिटणीस की गोठ, आंग्रे का बाजार, शितोळे साहब का बाडा, ही मोहल्ल्यांची नावे आजही मराठी व हिंदी एकत्र बोलतात. नई सडक ही त्याच लष्करातील. नावाने ती नवी आहे. परंतु आमच्या तीन पिढ्यांनी तिला जुनीच पाहिली.

तंबूंच्या जागी वाडे आले तेव्हा पाण्याची सोय आधी करावी लागली. लष्करातून वाहणारी स्वर्णरेखा ही पावसाळी नदी. तिच्या भरवशावर एवढे शहर राहू शकत नव्हते. त्यामुळे चांगल्या वाड्याच्या परसात विहीर, विहिरीला रहाट, रहाटाशेजारी हौद आणि हौदापलीकडे मोरी, अशी रचना होत गेली. ती देशावरच्या वाड्यांचीच रचना होती. तथापि येथील हवेत तिला एक नवीन अर्थ आला, आणि तो समजण्यासाठी थोडे पदार्थविज्ञान सांगणे प्राप्त आहे.

जमिनीच्या पृष्ठावर दिवस तापतो व रात्र गारठते. परंतु दोनतीन हात खाली गेल्यावर दिवसरात्रीचा फरक पोचत नाही. तीसचाळीस फुटांखाली तर उन्हाळा-हिवाळ्याचाही फरक जवळजवळ मावळतो. तेथील माती, खडक व पाणी हे त्या प्रदेशाच्या वर्षभराच्या सरासरी उष्णतेवर स्थिर राहतात. ग्वाल्हेरपुरती ती सरासरी सुमारे २५ अंश धरावी. म्हणून जे पाणी मे महिन्यात थंडगार वाटते, तेच जानेवारीत कोमट लागते. पाणी बदललेले नसते. बदललेली असते ती आपल्या अंगावरची हवा. पहाटे पाच अंशांच्या हवेत पोहरा वर येतो तेव्हा त्यातून वाफ निघताना दिसते. लहानपणी आम्हांला वाटे की, खाली कोणी चूल पेटवून ठेवली आहे. आजी म्हणे, विहीर श्वास सोडते आहे. आजीच्या ह्या बोलण्यात निरीक्षण पक्के होते. कारणमीमांसा तेवढी आम्हांला पुढे शाळेत मिळाली.

म्हणजे हिवाळ्यात स्नान करावयाचे तर पाणी उपसल्याबरोबर अंगावर घ्यावे, ही आमच्या वाडवडिलांची युक्ती होती. आदल्या रात्री भरून ठेवलेल्या हौदातील पाणी धुण्याला, आणि पहाटेच्या पोहऱ्याचे पाणी स्नानाला, असा घराघरांत नेम असे. माघस्नान करणाऱ्या वृद्ध स्त्रिया गार पाण्याचे व्रत विहिरीवर पाळीत. व्रत पुरे होई व प्राणही वाचे. लहान मुलांना व आजाऱ्यांना मात्र तांब्याच्या बंबातील पाणी मिळे. आणि बंबालाही पहाटेचे पाणी घातले की लाकूड कमी लागे. २५ अंशांचे पाणी ४० अंशांवर नेण्यास जेवढे जळण लागते, त्याच्या जवळजवळ दुप्पट जळण १० अंशांचे पाणी तितके तापविण्यास लागते. आमच्या बायकांनी हा हिशेब कधी कागदावर मांडला नाही. सरपणाच्या ढिगावरून त्यांना तो रोज कळत असे.

ही जाण मराठ्यांनी येथे आणली असेही म्हणता येणार नाही. किल्ल्यावर ती आधीपासून होती. ग्वाल्हेर ह्या नावाची आख्यायिकाच मुळी पाण्याची आहे. सूरजसेन नावाच्या राजाचा कुष्ठरोग ग्वालिपा साधूने दिलेल्या पाण्याने बरा झाला, ते पाणी सूरजकुंडाचे, अशी ती कथा. १२३२ साली अल्तमशाने किल्ला घेतला तेव्हा स्त्रियांनी जेथे जोहार केला म्हणतात, ते स्थळही जोहारकुंड ह्या जलाशयाच्या नावाने ओळखले जाते. एवढ्या उंच खडकावर किल्ला शतकानुशतके नांदला तो तळ्यांच्या व बावड्यांच्या आधारावर. पुढे मानसिंह तोमराने (१४८६–१५१६) मानमंदिर बांधले. त्याचे दोन मजले जमिनीखाली आहेत. तेथील एका गोलाकार दालनात राण्यांच्या स्नानाचे केशरकुंड होते, अशी परंपरा सांगतात. तेच तळघर मोगली अमलात बंदिखाना झाले. ज्या खडकाने वारा व ऊन अडवून स्नानाचे पाणी राखावयाचे, त्यानेच पुढे माणसे कोंडून ठेवली. त्या किल्ल्यावर १६६१ साली औरंगजेबाचा भाऊ मुराद मारला गेला, तेव्हा महिना डिसेंबरचा होता.

जयाजीराव शिंद्यांनी १८७४ मध्ये जयविलास महाल उभारला. मायकेल फिलोज हा त्याचा शिल्पकार. त्या महालात केवळ स्त्रियांसाठी म्हणून पोहण्याचा एक तलाव आहे व त्यात फिरण्यासाठी एक नावही ठेवलेली आहे. पाहुण्यांना ती मोठी मौजेची वस्तू वाटते. आम्हांला ती पाहताना वेगळेच काही वाटले. परसातील विहीर आणि महालातील तलाव ह्या दोन गोष्टी एकाच शहरात, एकाच थंडीत नांदल्या. एकीला ऋतू सांभाळण्यासाठी पैचा खर्च नव्हता. दुसरीच्या पाठीशी एका संस्थानाची तिजोरी होती.

आता अशिलाच्या प्रश्नाकडे वळू. उघड्या तलावातील पाणी हिवाळ्यात इतके गार का व्हावे? विहिरीचे तोंड लहान व खोली मोठी. तलावाचे तोंड मोठे व खोली लहान. उष्णता जाते ती तोंडावाटे. एक ग्रॅम पाण्याची वाफ होताना सुमारे ५८० कॅलरी उष्णता खर्च होते. म्हणजे एवढीशी वाफ उडाली तरी ५८० ग्रॅम पाणी एका अंशाने गार होते. कोरडा वारा ही वाफ एकसारखी उचलून नेत असतो. शिवाय निरभ्र रात्री पाण्याचा पृष्ठभाग आपली उष्णता आकाशाकडे सोडीत राहतो. विहिरीला तिच्या भिंती व भोवतालची माती ही उष्णता पुन्हा पुरवितात, आणि खालून नवे पाणी झिरपते. तलावाला हा आधार फार थोडा. तेव्हा ग्वाल्हेरातील न तापविलेला तलाव जानेवारीत १५ अंशांच्या आसपास राहील असे समजावे. आणि मनुष्याला सुखाने पोहण्यास २६ ते २८ अंश लागतात.

उथळ पाण्याच्या ह्या स्वभावाचा ह्याच उत्तर हिंदुस्थानात एके काळी मोठ्या चतुराईने उपयोग करून घेतला जात असे. १७७५ साली सर रॉबर्ट बार्कर ह्या इंग्रज सेनाधिकाऱ्याने लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात अलाहाबादेकडील बर्फ करण्याच्या रीतीचे वर्णन प्रसिद्ध केले. उघड्या मैदानात सुमारे ३० फूट चौरस व दोन फूट खोल खड्डे खणीत. त्यांत उसाची किंवा मक्याची वाळलेली चिपाडे पसरीत, म्हणजे जमिनीची ऊब वर येत नसे. त्यावर सव्वा इंच खोलीची, बिनझिलईची मातीची पसरट भांडी ओळीने मांडून संध्याकाळी त्यांत उकळून निववलेले पाणी ओतीत. हवा निश्चल व आकाश स्वच्छ असले की पहाटेपर्यंत भांड्यांत बर्फ धरे. सूर्य उगवण्यापूर्वी तो गोळा करून खोल खड्ड्यात दडपून ठेवीत व उन्हाळ्यात श्रीमंतांच्या मेजावर आणीत. हे घडे तेव्हा त्या रात्री हवेतला पारा शून्यावर उतरलेला असेच असे नाही. अलाहाबाद तर ग्वाल्हेरच्या किंचित दक्षिणेलाच आहे. म्हणजे पाणी पसरट करा, उघडे ठेवा आणि खालच्या मातीपासून तोडा, की त्याचा बर्फ होतो. आणि तेच पाणी खोल, झाकलेले व मातीला धरून ठेवा, की पौषातही त्यातून वाफ निघते. बर्फवाल्यांना आणि विहीर खणणाऱ्यांना दोघांनाही हे एकच ज्ञान होते. आमचा अशील मात्र नकळत बर्फवाल्यांच्या रीतीने स्नानाची सोय करू पाहत होता.

ज्या देशांत परसातील तलाव ही घराघरांतली गोष्ट आहे, तेथे हिवाळ्यात काय करतात, हेही आम्ही विचारून घेतले. आमचे एक नातलग कुटुंब अमेरिकेत न्यू जर्सीत राहते. त्यांच्या घरामागे असा तलाव आहे. त्यांनी सांगितले की, शरद ऋतूत पाने गळू लागली की तलाव बंद करण्याची घाई सुरू होते. पाण्याची पातळी खाली आणतात. नळ्यांत पाणी राहिले तर गोठून त्या फुटतील, म्हणून हवेच्या दाबाने त्या रिकाम्या करतात. मग सबंध तलावावर जाड आच्छादन ताणून बांधतात. पाण्याचा बर्फ होताना आकारमान सुमारे नऊ टक्क्यांनी वाढते, आणि तो ताण दगड-सिमेंटलाही सोसत नाही. पाणी ४ अंशांवर सर्वांत जड असते, म्हणून ते गोठते वरून. खाली ते पाणीच राहते. उत्तरेच्या सरोवरांत मासे हिवाळा काढतात ते ह्याच निसर्गनियमाच्या कृपेने. परसातील तलाव मात्र कोणाच्याच उपयोगी न पडता, वसंत सरेपर्यंत ताडपत्रीखाली पडून राहतो. त्या गृहस्थांनी हसून म्हटले, “चार महिने आम्ही तलावात पोहतो आणि आठ महिने त्याची राखण करतो.”

ग्वाल्हेरात नळ्या फुटण्याइतका गोठा पडत नाही, हे खरे. परंतु येथे दुसरी अडचण आहे व ती अधिक गंभीर आहे. येथे तलावात उतरण्याजोगे दिवस म्हणजे चैत्रापासूनचे. आणि शहरात पाण्याचा तुटवडा भासतो तोही चैत्रापासूनच. पाणी असते तेव्हा ते अंगाला सोसत नाही, आणि सोसते तेव्हा ते पिण्यालाच पुरत नाही. हा पेच उलगडून पाहावयाचा तर शहरात नळ आले कसे, तो इतिहास आठवला पाहिजे.

माधवराव शिंद्यांच्या कारकिर्दीत सांक नदीवर तिघरा येथे धरण बांधण्यात आले. ते १९१६ मध्ये पुरे झाले. दुसऱ्याच वर्षी, १९१७ च्या ऑगस्टात, पायाखालच्या वालुकाश्मात पाणी शिरून ते फुटले व खालच्या गावांवर मोठा अनर्थ कोसळला. पुढे ते पुन्हा उभारले गेले. मोक्षगुंडम विश्वेश्वरय्यांनी १९०३ साली पुण्याजवळ खडकवासल्याला ज्या स्वयंचलित दरवाजांची योजना केली होती, तसे दरवाजे तिघऱ्यालाही बसविण्यात आले. आज शहराचे पिण्याचे पाणी मुख्यतः ह्या जलाशयातून मोतीझीलच्या जलशुद्धीकरण केंद्रात येते व तेथून घरोघर जाते. नळ हे फार मोठे वरदान होय. त्याने बायकांच्या खांद्यावरचा भार उतरविला आणि पटकीसारख्या रोगांना आळा घातला. ह्याविषयी आमच्या मनात तिळमात्र शंका नाही. परंतु नळ घरात आला त्या दिवसापासून विहिरीकडे पाहण्याची दृष्टी बदलली. रहाट गेला, मग झाकण आले, मग झाकणावर अडगळ आली, आणि शेवटी घरातील मुलांना तेथे विहीर आहे हेही आठवेनासे झाले. स्वर्णरेखेची तर गटारासारखी अवस्था झाली. ज्या वर्षी पाऊस कमी पडतो त्या वर्षी तिघरा उतरतो आणि शहराला एक दिवसाआड पाणी मिळू लागते. तेव्हा मोहल्ल्यातील वडील माणसे बुजविलेल्या विहिरींची नावे घेत बसतात.

आता कायदा. अशिलाच्या पहिल्या प्रश्नाला आम्ही जे उत्तर दिले ते असे : आपल्या हद्दीतील जमिनीखालचे, ठरावीक प्रवाहाने न वाहणारे पाणी उपसण्याचा हक्क मालकाला आहे. १८८२ च्या सुविधाधिकाराच्या कायद्यात तो उदाहरणादाखल सांगितलेला आहे. शेजाऱ्याने वीस वर्षे उघडपणे, अखंडपणे व हक्काने त्या विहिरीचे पाणी नेले असल्यास त्याचा अधिकार उत्पन्न होऊ शकेल. तसे काही नसल्यास आणि तिन्ही शाखा कबूल असल्यास, विहीर एकाच्या वाट्यास देण्यास बाध नाही. नगरपालिकेची परवानगी तेवढी घ्यावी लागेल. १८९३ च्या विभाजनाच्या कायद्याप्रमाणे तर, वाटणी सोयीची होत नसेल आणि निम्मा किंवा अधिक हिस्सा असणारे मागतील, तर न्यायालय सबंध वास्तू विकून पैसे वाटून देऊ शकते.

हे उत्तर बिनचूक होते. पण ते देऊन आमचे समाधान झाले नाही. आमच्या धर्मशास्त्रकारांना हा प्रश्न पडला होता, आणि त्यांनी त्याचे उत्तर वेगळे दिले होते. मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायात ज्या वस्तूंची वाटणी करू नये असे सांगितले आहे, त्यांत वस्त्र, वाहन, अलंकार व शिजविलेले अन्न ह्यांबरोबर उदकही आहे. उदक कसे वाटावयाचे नाही, हे पुढे विज्ञानेश्वराने स्पष्ट केले. हा विज्ञानेश्वर कल्याणीच्या चालुक्य विक्रमादित्याच्या काळचा, म्हणजे इसवी सनाच्या अकराव्या-बाराव्या शतकांच्या सांध्यावरचा. तो मिताक्षरेत सांगतो की, उदक म्हणजे विहिरीसारखा पाण्याचा आधार. त्याचे सारखे भाग पडत नसतील तर त्याची किंमत ठरवून वाटणी करू नये, पाळीपाळीने त्याचा उपभोग घ्यावा. मिताक्षरेचा हा नियम महाराष्ट्रातील जुन्या वाटणीपत्रांत ओळीओळीतून दिसतो. शेते वाटली, भांडी मोजली, ओसरीवर भिंत घातली, तरी विहीर व तिच्याकडे जाण्याची वाट सामाईक, हे कलम शेवटी येतेच. भावाभावांत बोलणे बंद झाले तरी त्यांच्या सुना एकाच काठावर घागरी टेकीत. पुष्कळ कुटुंबे त्या एका कलमाने पुन्हा बोलू लागली असतील. तोंड फिरवून पाणी भरता येते, पण रोज येत नाही.

हे आम्ही मोठ्या अधिकाराने लिहीत आहो खरे. परंतु वाचकांपासून एक गोष्ट लपवून ठेवणे सचोटीचे होणार नाही. आमच्या स्वतःच्या घराची वाटणी झाली तेव्हा तिचा मसुदा आम्हीच केला होता. सनद मिळून फार दिवस झाले नव्हते, आणि कलमे आटोपशीर करण्याची हौस मोठी होती. आमच्या परसातही विहीर होती. जुन्या मोडी वाटणीपत्रात ती सामाईक ठेवलेली होती. सामाईक म्हणजे भांडणाचे मूळ, असे त्या वेळी आम्हांस वाटे. आम्ही विहिरीची किंमत ठरविली, ती चुलत्यांच्या हिश्श्यात टाकली व आमच्या बाजूने रक्कम घेऊन हक्क सोडला. विज्ञानेश्वराने जे करू नका म्हणून सांगितले, ते आम्ही मुद्रांकाच्या कागदावर शब्दशः केले. चुलत्यांनी पुढे ती बुजवून वर खोल्या काढल्या. त्यांना दोष देण्याचा आम्हांस मुळीच अधिकार नाही. जे त्यांच्या मालकीचे झाले होते ते आम्हीच त्यांच्या मालकीचे केले होते. आजी त्या वेळी हयात होती. कागदावर सह्या झाल्यावर तिने एवढेच विचारले की, “मग हिवाळ्यात पाणी कुठले घ्यायचे?” आम्ही तिला गच्चीवरची सिमेंटची टाकी दाखविली. त्यानंतरचे हिवाळे तिने टाकीच्या पाण्यात काढले. टाकीला चारी बाजूंनी वारा लागतो आणि खाली माती नसते. ती किती गार पडते, हे आता वेगळे सांगावयास नको. आजीने तक्रार केली नाही. पहाटेचे स्नान मात्र तिने सोडून दिले.

म्हणून त्या तरुण अशिलाला आम्ही दुसऱ्या दिवशी पुन्हा बोलाविले. पोहण्याच्या हौसेची आम्ही टर उडविली नाही. पोहणे ही उत्तम गोष्ट आहे, आणि जुन्या पिढीतील कित्येक मुले विहिरीतच पोहावयास शिकली. आम्ही त्याच्यापुढे फक्त हिशेब मांडला. तलाव तापवावयाचा तर वीज किती लागेल, झाकावयाचा तर खर्च काय, न तापविता ठेवावयाचा तर वर्षाचे किती महिने तो उपयोगी पडेल, आणि ते महिने शहराच्या टंचाईचे कसे आहेत. मग मसुद्यात एक कलम बदलून दाखविले : परस त्याचेच राहील, विहीर तिन्ही शाखांची सामाईक राहील, तिच्यावर लोखंडी जाळी बसवावी, गाळ काढण्याचा खर्च तिघांनी सारखा सोसावा, आणि तिन्ही छपरांचे पावसाचे पाणी गाळून तिच्यात सोडावे. पुढच्या मोऱ्यांचे पाणी तिच्यापासून दूर राखावे, हेही त्यात घातले. कारण दूषित झालेली विहीर बुजविलेल्या विहिरीपेक्षा वाईट.

त्याने कलम दोनदा वाचले. मग तो म्हणाला की, घरी जाऊन विहिरीवरचे झाकण काढून पाहतो. त्याने ते आजवर कधी उघडलेले पाहिले नव्हते. आम्ही त्याला सांगितले की, पाहावयाचे तर दुपारी पाहू नकोस, पहाटे पहा.

मसुदा अद्याप सह्यांवाचून आमच्या मेजावर आहे. तिन्ही शाखांचा विचार चालू आहे आणि त्यांनी काय ठरवावे हे सांगणे वकिलाचे काम नव्हे. परंतु परवा सकाळी तो अशील काही कागद देण्यासाठी आला तेव्हा जाता जाता म्हणाला, “काका, खरोखरच वाफ येते हो.” आम्ही मान हलविली. आमच्या घरी त्या वेळी टाकीचे पाणी चुलीवर तापत होते.